कोंबडीच्या यकृतातील चरबी : जुनी गोष्ट, आजचा धडा



भर अंड्यावरची धष्टपुष्ट कोंबडी एके सकाळी अचानक मरून पडते. तुरा फिका पडलेला असतो. पोट उघडून पाहावं तर यकृत, म्हणजे आपली कलेजी, पिवळी, ठिसूळ, आणि भोवती रक्ताच्या गाठी! हा चरबीच्या यकृताचा रोग. अमेरिकेतील टेक्सास राज्यात काउच या शास्त्रज्ञाने १९५६ साली त्याची नोंद केली.

तशी गोष्ट फार जुनी. इजिप्तमध्ये साक्कारा येथे चार हजार वर्षांहून जुन्या थडग्यांच्या भिंतींवर हंसांना बळेच चारा भरवणारी माणसे कोरलेली आहेत. पक्षी चारून चरबी धरतो हे त्यांना ठाऊक होते. का, ते कळायला विसावे शतक उजाडले.

गायीच्या अंगात नवी चरबी मुख्यतः चरबीच्या थरातच बनते. कोंबडीत मात्र ती बनते यकृतात. १९६८ साली गुडरिज या शास्त्रज्ञाने पिल्लांची यकृते तपासली. अंड्यातले पिल्लू बलकातल्या चरबीवर जगते, त्यामुळे त्याचे यकृत चरबी जवळजवळ बनवतच नाही. बाहेर येऊन दाणे टिपू लागले, की चरबी बनवणारी द्रव्ये झपाट्याने वाढतात. उपाशी ठेवले की पुन्हा उतरतात.

हे घडवतात जनुके, म्हणजे आई-बापांकडून आलेले गुणांचे बीज. पण बीज सदा जागे नसते. पाटाचं दार उघडायला जसा पाटकरी लागतो, तसा जनुकालाही लागतो. असा एक पाटकरी १९९३ साली ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. पुढे कोंबडीच्या यकृतातही तो आढळला. भरपूर दाणा मिळाला की तो दार उघडतो. कोंबडी अंड्यावर आली की मादीचे संप्रेरक दार आणखी उघडते, कारण बलकाचा सुमारे तिसरा हिस्सा चरबीच असते. चरबी बाहेर जाण्यापेक्षा जास्त बनली, तर ती यकृतातच साचते आणि यकृत फाटते.

तेव्हा मंडळी, पाटकऱ्याला हुकूम देणारे तुम्हीच! नुसता मका किंवा कणी भरमसाट घालू नका. संतुलित अंडी-खाद्य मापून द्या. दर पंधरवड्याला दहा-वीस कोंबड्या तोलून पाहा. वजन वाढतंय आणि अंडी घटताहेत, असं दिसलं तर वेळीच सावध व्हा. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी ठेवा. पक्षी एकदम उपाशी मात्र ठेवू नका. अचानक मर झाली, तर मेलेला पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, कारण इतर रोगांनीही कोंबडी अशीच मरते.