सात नंबरच्या स्टिकची वंशावळ

हे लिहीत असताना माझ्या टेबलाला गोल्फची एक जुनी स्टिक टेकवून ठेवलेली आहे. इंग्रजीत तिला क्लब म्हणतात. पण मराठीत ‘क्लब’ हा शब्द संस्थेने केव्हाच बळकावला आहे, तेव्हा आपण खेळाडूंचे सामान वाहणाऱ्या कॅडी लोकांप्रमाणे स्टिकच म्हणू. भंगारवाल्याने ती मला लोखंडाच्या भावात, वजनावर दिली. पाते सुरीसारखे सडपातळ, पाठीवर ‘सॅम स्नीड’ या गोल्फपटूची कोरलेली सही, सोबत ‘ब्लू रिज’ हे नाव आणि तळाशी ७ हा आकडा. पात्याच्या मध्यावर क्रोमचा मुलामा रुपयाएवढा झिजला आहे आणि आतले काळपट पोलाद दिसते. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षे चेंडू नेमका तिथेच घेतला. मुठीचे रबर मात्र वाळून तडकले आहे. ही स्टिक नवी होती तेव्हाही महागाची नव्हती. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत जिथे तंबू, बॅट आणि मासेमारीचे गळ मिळत, त्याच फळीवर अशा स्टिकांचे संच विकायला असत. तरीही तिचे घडवणे नेटके आहे आणि तोल आजही हाताला जाणवतो. मुळातच स्वस्त असलेली वस्तू इतकी चांगली कशी, हा प्रश्न साधा आहे. पण त्याचा माग काढायचा तर आपल्याला साडेपाचशे वर्षे मागे, स्कॉटलंडला जावे लागते.

गोल्फचा पहिला लेखी उल्लेख बंदीहुकमात सापडतो. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने राजा दुसरा जेम्स याच्या काळात फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली, कारण या खेळांपायी तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव टाळू लागली होती. १४७१ आणि १४९१ मध्ये हीच बंदी पुन्हा घालावी लागली. ती कितपत पाळली जात होती ते यावरून ओळखावे. पुढची गंमत अशी की १५०२ मध्ये इंग्लंडशी तह झाल्यावर खुद्द चौथ्या जेम्सने स्टिका विकत घेतल्या आणि त्या घेतल्या पर्थ गावच्या एका धनुष्य बनवणाऱ्याकडून. ज्या कसबाच्या रक्षणासाठी खेळावर बंदी आली, त्याच कसबाने खेळाला पहिले हत्यार पुरवले. १६०३ मध्ये सहाव्या जेम्सने विल्यम मेन या कारागिराला राजघराण्यासाठी स्टिका बनवण्याचे काम सोपवले; तोही मुळात धनुष्यकारच. लाकूड किती वाकेल आणि कुठे मोडेल, हे त्या लोकांना हाताने कळत असे. डोके काटेझुडपाच्या, सफरचंदाच्या किंवा नासपतीच्या चिवट लाकडाचे, दांडा ॲश वृक्षाचा, दोन्हींचा तिरपा सांधा सरसाने चिकटवून वर दोऱ्याचे घट्ट वेढे, डोक्याच्या पाठीत ओतलेले शिसे आणि खालच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी, अशी ती लांब नाकाची स्टिक असे.

हा खेळ उमरावांपुरताच होता असा आपला समज असतो. तो या टप्प्यावरच बाजूला ठेवलेला बरा. गावच्या गल्ल्यांतून आणि चर्चच्या आवारातून साधी माणसे एकाच काठीने खेळत. मसलबरा गावच्या गोल्फ मंडळाने १८१० च्या डिसेंबरात ठराव केला की मासे विकणाऱ्या बायकांमध्ये जी उत्तम खेळेल तिला मासळीची नवी टोपली आणि शाल बक्षीस द्यावी. त्या बायका कोणत्या स्टिका वापरत याची नोंद कुणी ठेवली नाही, पण त्या राजाच्या कारागिराकडून खासच आल्या नसणार. स्वस्त स्टिकचा वंश असा जुना आहे. फक्त त्याची दप्तरी नोंद नाही.

तरीही बराच काळ खेळ खऱ्या अर्थाने स्वस्त होऊ शकला नाही आणि त्याला कारण चेंडू. कातड्याच्या पिशवीत ओली पिसे ठासून भरलेला तो चेंडू करायला इतका वेळ लागे की कुशल कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच तयार होत, आणि बहुधा स्टिकपेक्षा तोच महाग पडे. लोखंडाच्या धारेने त्याचे कातडे फाटत असल्यामुळे लोखंडी स्टिका लोक अडचणीपुरत्याच बाळगत. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला आणि सगळे गणित फिरले. हा चेंडू स्वस्त, टणक आणि दमदार होता. फुटला तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा वळता येई. पण त्याच्या टणकपणापुढे नाजूक लांब नाके टिकेनात. डोकी आखूड आणि जाड झाली, दांड्यासाठी ॲशच्या जागी अमेरिकेतून येणारे हिकरीचे लाकूड आले आणि लोहारांचे दिवस पालटले.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज आणि आसपासच्या गावांतल्या या लोहारांना ‘क्लीकमेकर’ म्हणत. त्यांच्यापैकी टॉम स्ट्युअर्ट हा नामांकित. चिलमीसारख्या पाइपची छोटी मुद्रा ही त्याची खूण. माझ्या टेबलाशी टेकलेल्या स्टिकच्या कोड्याचा पहिला उलगडा आपल्याला इथे होतो. स्ट्युअर्टसारखे लोहार पाती घडवून अनेक गावच्या व्यावसायिक खेळाडूंना आणि दुकानदारांना पुरवत. हे विक्रेते त्यावर आपले नाव ठोकत, दांडा बसवत आणि विकत. एकाच ऐरणीवरचे पाते चार नावांनी चार भावांना जाई. नाव विक्रेत्याचे आणि हात लोहाराचा, ही वाटणी तेव्हापासूनची आहे.

याच काळात आगबोटींतून स्टिका आपल्याकडेही येत होत्या. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना; मुंबईचा रॉयल बॉम्बे १८४२ चा; चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चा. नाशिककर आजही ज्याला ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात, त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. तिथे आता क्रिकेट, सभा आणि पहाटेचे फिरणे चालते. खेळ गेला आणि नाव जिभेवर राहिले.

स्टिक कारखान्यात गेली ती अमेरिकेत. ओहायो राज्यातल्या डेटन शहरी बुटांचे लाकडी फर्मे बनवणारी एक कंपनी होती. पायाच्या आकाराचा वळणदार फर्मा ज्या चरकावर कातला जातो, त्यावर स्टिकचे डोकेही कातता येईल, हे तिच्या मालकांच्या ध्यानात आले आणि १८९७ च्या सुमारास त्यांनी टेंभुर्णीच्या कुळातल्या पर्सिमन या कठीण लाकडाची डोकी बनवायला घेतली. हीच पुढची मॅकग्रेगर कंपनी. विल्सनची कथा याहून मासलेवाईक आहे. एका मांसविक्री कंपनीने कत्तलखान्यातली आतडी वाया जाऊ नयेत म्हणून १९१३ मध्ये वेगळा उद्योग काढला. त्यातून टेनिस रॅकेटच्या तारा, व्हायोलिनच्या तारा आणि शस्त्रक्रियेचा दोरा निघे. त्याच उद्योगातून विल्सन कंपनी उभी राहिली आणि माझ्या स्टिकवर तिचीच मुद्रा आहे.

हिकरीचा दांडा मात्र कारखान्याला पुरता वश होत नव्हता. प्रत्येक लाकडाची लवचीकता निराळी, त्यामुळे जुळत्या दांड्यांचा संच जमवणे हे पैसेवाल्याचे किंवा चिकाटीने शोधणाऱ्याचे काम होते. पोलादी नळीच्या दांड्याला अमेरिकेत १९२४ मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांकडून १९२९ मध्ये मान्यता मिळाली. बॉबी जोन्सने १९३० मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्या स्टिकांनी. लगेच पुढच्या वर्षी बिली बर्कने पोलादी दांड्यांनी अमेरिकन ओपन जिंकली. इतक्या थोड्या अवधीत एक युग संपले. मग जोन्सच्याच नावाने स्पाल्डिंग कंपनीने पोलादी दांड्यांचे, क्रमांक घातलेले संच बाजारात आणले. मॅशी, निब्लिक, क्लीक ही जुनी लाडकी नावे मागे पडली आणि सात नंबरला ‘सात नंबर’ हे नाव मिळाले. एकसारखे दांडे आले तेव्हा चांगला संच सामान्य माणसाच्या आटोक्यात आला.

यानंतर एका घराला दोन दारे झाली. एक दार गोल्फ कोर्सवरच्या व्यावसायिकाच्या दुकानात उघडे. तिथे विल्सनचा ‘स्टाफ’ हा उंची संच मिळे. दुसरे दार शहरातल्या मोठ्या दुकानांत उघडे. तिथे त्याच कंपनीचे, सॅम स्नीड किंवा पॅटी बर्ग या गोल्फपटूंच्या सहीचे परवडणारे संच असत. सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड पेढीने ‘जे. सी. हिगिन्स’ या नावाने खेळाचे सामान विकले आणि १९६० च्या दशकात ते नाव बदलून बेसबॉलपटू टेड विल्यम्सचे लावले. शिकागोची नॉर्थवेस्टर्न कंपनी तर स्वस्त संचांसाठीच ओळखली गेली. या दुसऱ्या दाराच्या मालात काटकसर कुठे होती, हे बघण्यासारखे आहे. दांडा दुय्यम प्रतीचा, मूठ साधी, घासकाम घाईचे, स्टिकांच्या वजनांचा मेळ ढोबळ. आणि लाकडी डोक्यासाठी अखंड पर्सिमनऐवजी मेपलचे थर चिकटवलेले लाकूड. पण चांगल्या घरच्या स्वस्त संचातही लोखंडी पाते घणाखाली घडवलेल्या पोलादाचेच असे, कारण तेव्हा पाते करण्याची रुळलेली रीत तीच होती. कंपनीला स्वस्त पात्यासाठी दुसरी वाट आखणेच महागात पडले असते. मेपलच्या थरांचे तर पुढे भाग्य उजळले. ते लाकूड पाण्याने कमी फुगते आणि सहसा तडकत नाही म्हणून पिंगसारख्या मातबर कंपनीने आपल्या महागड्या स्टिकांसाठी तेच निवडले.

घणाखाली पाते घडवण्याची जुनी रीत मोडली ती पिंगच्याच कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करता करता त्याने १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये एक पटर (चेंडू हळूच भोकात ढकलायची स्टिक) बनवला. चेंडूला लागताच तो ‘पिंग’ असा वाजे, तेच नाव पडले. वजन मध्यावर न ठेवता दोन्ही टोकांना वाटले तर चुकलेला फटकाही फारसा भरकटत नाही, हे त्याचे सूत्र. लोखंडी स्टिकांना ते लावायचे तर पाठ पोखरून काढायला हवी आणि तसा आकार घणाने साधत नाही. त्यासाठी त्याने मेणाचा नमुना करून त्यावर साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातू ओतायचा ही पद्धत घेतली. आपल्याला ती नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मूर्ती ओतण्याची हीच कृती आहे आणि तिचे नाव मधूच्छिष्टविधान. दक्खनचे मूर्तिकार ज्या वाटेने देव घडवत, त्या वाटेने अमेरिकेत सात नंबर घडू लागला.

पुढचा रस्ता आपण झपाट्याने ओलांडू. १९७९ मध्ये टेलरमेडने धातूच्या डोक्याचा ‘वूड’ विकायला सुरुवात केली. १९९१ मध्ये कॅलवेची ‘बिग बर्था’ ही स्टिक आली. त्या कंपनीचा आरंभ, गंमत म्हणजे, हिकरीच्या दांड्याच्या स्टिका विकण्यापासून झाला होता. १९९३ ची मास्टर्स स्पर्धा बर्नहार्ड लँगरने पर्सिमनच्या ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या स्टिकने, जिंकली आणि तिथे लाकडाचा राजयोग संपला. मधल्या काळात आकड्यांनीही लबाडी केली. माझ्या स्टिकच्या पिढीत सात नंबरच्या पात्याचा कल ३८ ते ४० अंशांच्या आसपास असे. आजच्या पुष्कळ संचांत सात नंबर ३० अंशांच्या आसपास असतो. पूर्वी एवढ्या कलाच्या स्टिकला पाच नंबर म्हणत, आणि कल कमी तितका चेंडू लांब जातो. जुन्या सात नंबरने चेंडू कमी जातो अशी तक्रार ऐकली की हा हिशेब आठवावा.

आज जुन्या स्टिकांचे शौकीन वाढले आहेत. मसलबरा इथे २००५ मध्ये हिकरी दांड्यांची जागतिक स्पर्धा सुरू झाली. पण त्या स्टिका संग्राहकांच्या भावात गेल्या. खरा सौदा अजूनही दुकानी संचांतच आहे. असा संच हाती आला तर आधी पात्याला लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले नाही तर ते बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे किंवा ॲल्युमिनियमचे असते, ते घेऊ नये. चिकटले तर दांडा वाकलेला नाही ना, मान सैल नाही ना, एवढे बघावे आणि मूठ नवी बसवून घ्यावी. मात्र एक ध्यानात असू द्यावे: हे पाते चूक माफ करत नाही. चेंडू मध्यावर आला तर हाताला काही कळतसुद्धा नाही. कडेला लागला तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. शिकणाऱ्याला असा परखड मास्तर थोड्या पैशांत मिळतो.

या वंशावळीची सर्वांत तरुण शाखा मात्र कुठल्याच दुकानात नाही. चेंबूरच्या गोल्फ कोर्सभोवतीच्या वस्त्यांतून राहणारे कॅडी आणि त्यांची मुले गल्लीबोळांत आपला गोल्फ खेळतात. बांधकामाची सळई घ्यायची, तिचे टोक तापवून, ठोकून चपटे करायचे आणि हवा तेवढा कल द्यायचा, मुठीला रबरी नळी चढवायची, चेंडू प्लास्टिकचा. मसलबराच्या कोळणींनी ती स्टिक हातात घेतली असती, तर तिचे काय करायचे ते त्यांना कुणी सांगावे लागले नसते.