बंदुकीचा कायदा आणि रयतेची सही

1878च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कौन्सिलने दोन कायदे एकापाठोपाठ संमत केले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने हिंदी माणसाच्या घरातले हत्यार परवान्याखाली आणले. बंदूकच नव्हे, तर तलवार, खंजीर, भाला, भाल्याचे नुसते पाते आणि धनुष्यबाणही या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बसले. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना मात्र नियमांतून सूट मिळाली. ज्यांच्यावर हा कायदा लादला, त्यांनी निवडून दिलेला एकही माणूस त्या कौन्सिलात नव्हता.

लोकांचे म्हणणे जाणून घ्यायला तेव्हा मार्गच नव्हता, असे नाही. पुण्यात 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली होती, ती मुळी याच कामासाठी. सभासद व्हायचे तर किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मी यांच्या वतीने बोलतो, हे आधी कागदावर दाखवायचे आणि मगच सभेत बसायचे. सुरुवातीच्या 95 सभासदांमागे असे सुमारे सहा हजार लोक उभे होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने 1876 ते 1878च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतली हलाखी तपशीलवार सरकारला कळवली. विचारायला माणसे होती, त्यांच्याकडे माहिती होती. लिटनसाहेबांना विचारायचेच नव्हते.

न विचारता केलेल्या कायद्याने काय साधले? वर्ष उलटायच्या आतच, 1879च्या फेब्रुवारीत, वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे जिल्ह्यात बंड उभारले. परवान्याच्या कागदाने ते काही अडले नाही.

काँग्रेसने 1887च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल मागणारा ठराव केला. पुढे ही मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. सुटीतला वंशभेद निघायला 1920 साल उजाडले. पण या सगळ्या मागण्यांत सर्वांत नेमकी मागणी गांधीजींची आहे. जानेवारी 1930मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या तोंडावर, त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. शेतसारा, मीठ, लष्करी खर्च यांच्या रांगेत शेवटी आली बंदूक. स्वसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने द्यावेत आणि त्यावर लोकांचे नियंत्रण असावे, असे ते मागणे होते. अहिंसेच्या पुजाऱ्याने बंदुकीचा परवाना मागावा याचे अनेकांना नवल वाटते. या मागणीचे खरे वजन मात्र तिच्या दुसऱ्या भागात आहे. परवाना कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे साहेबाच्या मर्जीवर न राहता लोकांच्या हाती यावे, असे ते म्हणत होते. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांना बांधून घेऊन शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद झाला.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न घटनासमितीत आला. घटनेचा मसुदा फेब्रुवारी 1948मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि समितीत मांडला जाईपर्यंत आठ महिने लोकांसमोर होता. त्यावर हरकती आल्या, सूचना आल्या, मसुदा समितीने त्या विचारात घेतल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी कराचीच्या ठरावाचा दाखला देत शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. परकी सत्तेखाली केलेली मागणी स्वतंत्र देशात जशीच्या तशी लागू होत नाही, आणि कोणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. निर्णय कोणाला पटो न पटो, दोन्ही बाजू उघडपणे मांडल्या गेल्या आणि आजही वाचायला मिळतात. 1878च्या तुलनेत हे फार मोठे अंतर होते.

पुढे ओडिशाचे खासदार उमाचरण पटनाईक यांनी 1953मध्ये खाजगी विधेयक आणून विषय पुन्हा धसाला लावला. अखेर 1959चा शस्त्र कायदा झाला आणि लिटनचा कायदा गेला. तो टिकला ऐंशीहून अधिक वर्षे.

2019ची दुरुस्ती मात्र घाईत झाली. 29 नोव्हेंबरला विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि 10 डिसेंबरला राज्यसभेतही मंजूर झाले. मूळ प्रस्तावात एका परवानाधारकाला तीनऐवजी एकच शस्त्र ठेवता येणार होते. आक्षेप आले आणि मर्यादा दोनवर थांबली. ज्यांनी तोंड उघडले त्यांचे काही अंशी ऐकले गेले, हे यातून उघड दिसते. पण बोलले कोण? मुख्यतः ज्यांच्या घरी वाडवडिलांपासूनच्या दोन-तीन बंदुका आहेत ते, आणि त्यांच्या बाजूचे खासदार. सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याकडे शेतीसंरक्षणाची एकच बंदूक असते, तीही पुष्कळदा ठासणीची. रानडुक्कर भातात शिरते ते ऐन पीक उभे असताना, आणि नेमकी तेव्हाच निवडणूक लागली तर बंदूक अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, तिचा त्याला उपयोग आहे. उत्तरेकडे लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळी लागून ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्याकडे बंदूक नाही, पण या कायद्यावर बोलण्याचा अधिकार त्यांचाही तितकाच आहे. अशा गोळीबाराला याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. ही माणसे संसदेपर्यंत पोचावीत अशी वाट कोणी मुद्दाम आखली नाही.

घाई असली तरी विचारता येते. त्याच वर्षी 15 मार्चला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत 51 माणसे मारली गेली. एप्रिलच्या आरंभी तिथल्या संसदेत बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारे विधेयक आले. लोकांना लेखी मत द्यायला जेमतेम दोन दिवस मिळाले, तरी सुमारे 13,000 निवेदने आली. 10 एप्रिलला विधेयक 119 विरुद्ध 1 अशा मतांनी मंजूर झाले. दोन दिवस फारच अपुरे होते, अशी टीका तिथेही झाली आणि ती रास्त होती.

आपल्याकडे 2014पासून केंद्र सरकारचे धोरण आहे, की विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, कोणावर काय परिणाम होईल ते सोप्या भाषेत सांगावे आणि आलेल्या मतांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. या धोरणाला कायद्याचे बळ नाही आणि मंत्रालयांना कारणे नोंदवून ते टाळता येते. म्हणूनच त्याचा आग्रह नागरिकांनी धरायला हवा. पुढच्या वेळी शस्त्र कायद्याचा मसुदा निघाला, तर ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून घ्या, कलमाचा क्रमांक घालून आपली हरकत किंवा सूचना लिहा, आपल्यावर काय बेतले ते दोन ओळींत सांगा आणि खाली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पन्नास सह्या घेऊन मुदतीत पाठवा.