धुपाटण्यावरचं नाव



दिवेलागण झाली की आपण धुपाटण्यात चार निखारे घेतो, वर चिमूटभर ऊद टाकतो. म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला जाणारी बाई असो की पिराला नवस बोललेली, घरात दरवळतो तो हाच वास. आज आम्ही या धुपाटण्याची गोष्ट सांगणार आहोत.

‘ऊद’ हा शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ लाकूड, त्यातही सुगंधी अगरूचं लाकूड. ‘लोबान’ही अरबीच. अरबांचं आपल्याकडे येणंजाणं फार जुनं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी हा अरब प्रवासी कोकणात चौल बंदरी आला. तिथे ओमान, बसरा, बगदादहून येऊन स्थायिक झालेले व्यापारी त्याला भेटले. वर राज्य होतं राष्ट्रकूटांचं.

त्या अरब-इराणी मुलखातही घरोघरी धूप जळायचा. कपड्यांना धुरी द्यायची, पाहुण्यापुढे धुपाटणं फिरवायचं, ही तिथली रीत. त्यासाठी तिथले कारागीर पितळेची, काशाची धुपाटणी घडवत. सुरुवातीच्या काळातली पुष्कळशी घुमटासारख्या जाळीदार झाकणाची, खाली पाय आणि धरायला लांब दांडा असलेली. यातली एकही गोष्ट नुसती शोभेची नाही. जाळीतून धूर बाहेर पडतो, झाकणामुळे ठिणगी उडत नाही, पायांमुळे जमीन तापत नाही आणि दांड्यामुळे हात भाजत नाही. आपल्या धुपारतीचा दांडा आठवा!

पुढे इराणच्या खुरासान भागात सिंहाच्या आकाराची धुपाटणी होऊ लागली. त्यातला एक काशाचा सिंह आज अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उंची ८५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या कमरेला लागेल एवढा. त्याचं डोकं निघतं. आत निखारे आणि धूप घालून डोकं बसवलं, की अंगावरच्या जाळीतून धूर येतो. तो घडवला ११८१-८२ साली. आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचं राज्य उभं राहत होतं, तो हा सुमार.

हे साल कसं कळलं? सिंहाच्या अंगावरच कोरलंय. ज्या अमीरासाठी घडवला त्याचं नाव आहे, आणि घडवणाऱ्याचंही: जाफर बिन मुहम्मद बिन अली. आठशे वर्षांनंतरही तो कारागीर नावानिशी ओळखला जातो.

आपल्या भांड्यांवरही नावं असतात. मामाचं, वडिलांचं, सासऱ्यांचं, खाली तारीख. चिंच लावून ते भांडं रोज घासणारीचं नाव मात्र क्वचितच सापडतं.

आणि दिवाळीच्या तोंडावर आपण हीच जुनी भांडी मोडीत घालतो. एकदा वितळलं की त्यावरचं नाव गेलं, साल गेलं. तेव्हा बायांनो, मोडीला देण्याआधी माळ्यावरचं धुपाटणं खाली काढा. नाव वाचा, वहीत उतरवून ठेवा. ते कुणी आणलं, कुणी सांभाळलं, हे आजीला, सासूबाईंना विचारा. आणि सांभाळणारीचं नाव त्या वहीत आधी लिहा.