मंदीच्या दिवसांतील शिक्षण : कुर्ल्याच्या एका गिरणीची कथा

मंदीचें वारें वाहूं लागलें म्हणजे कारखानदाराची कात्री प्रथम कोठें चालते, हें पाहण्यासारखें असतें. यंत्राचें तेल बंद केलें तर चाकें त्याच दिवशीं करकरूं लागतात. परंतु माणसांचें शिक्षण बंद केलें तर त्याची करकर कित्येक वर्षें कोणाच्याच कानीं पडत नाहीं. म्हणूनच काटकसरीचा पहिला घाव बहुधा शिक्षणावर बसतो. ही काटकसर खरी कीं खोटी, ह्याचा विचार करण्यास आम्हांस दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या उपनगरांतील कुर्ल्याचा इतिहास त्यास पुरेसा आहे.

कुर्ल्यास धरमसी या नांवाची एक अवाढव्य गिरणी होती. यंत्रें जुनाट, कारभार विस्कळित, आणि बाजारांत पत नाहीं, अशा स्थितींत ती 1886 सालीं जमशेटजी टाटा यांनीं साडेबारा लाख रुपयांस विकत घेतली व तिचें ‘स्वदेशी’ असें नांव ठेविलें. सौदा वरवर पाहतां स्वस्त होता. पण तो किती महाग आहे हें लवकरच कळून आलें. दुरुस्तीस पैसा पुरेना, नफ्याची वाटणी होईना, शेअरांचे भाव कोसळले, आणि एरव्हीं टाटांच्या शब्दावर चालणारे सावकारही हात आंखडूं लागले. जमशेटजींनीं तेव्हां स्वतःचे एम्प्रेस गिरणीचे कांहीं शेअर विकून तो पैसा स्वदेशींत घातला. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. परंतु पैशाबरोबर त्यांनीं आणखी एक भांडवल कुर्ल्यास आणिलें, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. तें भांडवल म्हणजे नागपुरास तयार झालेलीं माणसें.

नागपुरची एम्प्रेस गिरणी 1877 च्या 1 जानेवारीस सुरू झाली. त्या गांवीं गिरणीच्या कामाची परंपरा नव्हती. मजुरांस वेळेवर येण्याची संवय नव्हती, व चार दिवसांची मजुरी हातीं आली कीं पांचव्या दिवशीं घरीं बसण्यांत कोणास वावगें वाटत नसे. दंड करून ही संवय मोडेल असें जमशेटजींस वाटलें नाहीं. त्यांनीं हजेरीबद्दल बक्षिसें ठेविलीं, पुढें निर्वाहनिधि व पेन्शन यांची सोय केली, आणि शिकलेल्या तरुणांस उमेदवार म्हणून घेऊन, शिकत असतांच कांहीं वेतन देऊन, गिरणीच्या निरनिराळ्या खात्यांतून फिरविण्याची पद्धति घातली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे स्वतः रेल्वेच्या नोकरींतून आलेले. गिरणीचें काम ते गिरणींतच शिकले. ब्रुक्सबी या तज्ज्ञाच्या हाताखालीं रिंग चात्यांचा प्रयोगही तेथें लवकर झाला. नवें यंत्र आणावयाचें तर तें चालविणारा हातही नवा घडवावा लागतो, हें तेथें आरंभींच ओळखलें गेलें होतें.

स्वदेशीवर संकट आलें तेव्हां नागपुरचीं हीं कसलेलीं माणसें कुर्ल्याच्या उपयोगीं पडलीं. केवळ शिक्षणानेंच ती गिरणी तरली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. मालकाची पदरमोड, नवीं यंत्रें आणि चिकाटी यांचाही वांटा मोठा होता. पण नागपुरास दहा वर्षांपूर्वीं हा खर्च झाला नसता, तर कुर्ल्यास ऐन वेळीं बोलवावें कोणास? शिकविलेला हात बाजारांत हुंडी वटवून मिळत नाहीं.

मग इतर मालकांनीं हाच मार्ग कां धरिला नाहीं? 1887 सालीं मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पण तिच्यांतून तयार होत ते मुख्यत्वें वरच्या जागांवरील लोक. सामान्य कामगार शेजारच्या सांच्यावरील भाऊबंदाकडे पाहून शिके, आणि त्याची नोकरी जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे. ‘बदली’ कामगार तर रोज सकाळीं गिरणीच्या दारांत उभा राही. जो उद्यां आपल्याकडे असेल कीं नाहीं याची खात्री नाहीं, त्याला शिकवून शेजाऱ्याचा फायदा कां करावा, असा मालकांचा प्रश्न असे. प्रश्न अगदींच चुकीचा नव्हता. परंतु ती अनिश्चितता त्यांच्याच पद्धतीनें पोसली होती. नागपुरास शिक्षणाच्या जोडीला निर्वाहनिधि होता तो याचसाठीं, कीं शिकलेल्यास राहावेंसें वाटावें. मुंबईंत ही उणीव थोडीबहुत भरून काढण्याचें काम बाहेरच्यांस करावें लागलें. नारायण मल्हार जोशी यांनीं 1911 सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें कामगारांसाठीं रात्रशाळा चालविल्या.

ह्या उपेक्षेचें बिल शंभर वर्षांनीं आलें. 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या संपानंतर हजारों कामगारांच्या हातीं एकच कसब होतें, आणि त्याला गिऱ्हाईक उरलें नव्हतें. अंधेरीस 1973 पासून निर्यातीच्या कारखान्यांची वसाहत उभी होती. पण मागावर वीस वर्षें काढलेल्यास तेथें कोण विचारणार? 1992 सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय नवीकरण निधि काढला. पुनःशिक्षण हा त्याचा एक सांगितलेला हेतु होता; प्रत्यक्षांत बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यांत गेला. रकमा मुलीच्या लग्नांत, गांवच्या घरांत व जुन्या कर्जांत विरून जातात. कसब तसें विरत नाहीं. कुर्ल्याची स्वदेशीही अखेर 2000 सालीं बंद पडली.

शिक्षणानें कोणताही कारखाना अमर होत नाहीं, हें यावरून उघड आहे. परंतु कारखाना बुडाला तरी माणूस बुडूं नये, एवढें शिक्षणाच्या हातीं असतें. तेजींत शिकविण्यास मालकास फुरसत नसते आणि मंदींत पैसा नसतो, असें म्हणण्याची चाल आहे. मंदींत सांचे थांबतात तेव्हां निदान फुरसत तरी असते. ती फुकट दवडणारा कारखानदार स्वतःस काटकसरी म्हणवितो. आम्ही त्यास उधळ्या म्हणूं.