मोडीच्या वर्गात सापडलेली एका वर्षाची चूक

पेट, गाइड, सिनॉप्सिस या धावपळीत असाल, तर आज जरा वेगळ्या वर्गाबद्दल सांगते. मी मूळची विज्ञानाची. पीएचडीसाठी अठराव्या शतकातल्या मराठी पत्रांमधल्या पाऊस-दुष्काळाच्या नोंदी गोळा करते. पत्रं मोडीत, म्हणून एका वारसा केंद्राच्या रविवारच्या मोडी वर्गात नाव घातलं. वर्ग सगळ्यांना खुला. माझ्या एका बाजूला निवृत्त तलाठी काका, दुसऱ्या बाजूला शाळेत न जाता घरीच शिकणारी तेरा वर्षांची मुलगी. खरं सांगू? पहिल्या दिवशी वाटलं, हा हौशी मंडळींचा वर्ग, इथे आपल्याला काय मिळणार!

मोडीत आधी ओळ आखतात, मग तिच्याखाली सलग लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यात तारीख बऱ्याचदा शुहूर सनात, तीही अरबी शब्दांत. उदाहरणार्थ ‘इहिदे सितैन मया अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. इसवी सन काढायला मी एक्सेलमध्ये सरसकट ५९९ मिळवत होते. उत्तर १७६०.

ते ऐकून मुलगी म्हणाली, “ताई, पण सर म्हणाले पानिपत ११६१ मधलंच. ते तर १४ जानेवारी १७६१ ला झालं ना?”

मी गप्प. काका हसले. “अगं, हे मृगसाल. मृग लागला की नवं वर्ष. जानेवारीत जुनंच चालू असतं.”

म्हणजे मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. माझ्या तक्त्यातली जानेवारी ते मे मधली प्रत्येक नोंद एक वर्ष मागे गेली होती. पाऊस हुकल्यावर पुढच्या उन्हाळ्यात पडलेली टंचाई, तो पाऊस हुकायच्या आधीच दिसत होती! कारण आणि परिणाम उलटे. हे प्रबंधात गेलं असतं तर?

असं एकत्र बसणं आपल्याकडे नवीन नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो घरोघरचे कागद मिळवत फिरून. १९१० मध्ये खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. पुणे विद्यापीठ आलं १९४९ मध्ये. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवत आणि पटवर्धनांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध करत. मराठ्यांच्या इतिहासाची जी साधनं आपण आज सहज संदर्भात टाकतो, त्यातली कितीतरी विद्यापीठाबाहेरच्या अशा माणसांनी वाचून, तपासून छापली आहेत.

तेव्हा तुमच्या भागात मोडीचा, नाण्यांचा किंवा गावच्या इतिहासाचा असा वर्ग असेल, तर विषय निश्चित व्हायच्या आधीच जाऊन बसा. नुसतं शिकायला नको, आपलं अर्धवट कामही सोबत न्या आणि दाखवा. गाइडसमोर आपण नीट झालेलंच दाखवतो. इथे सूत्रच चुकलंय हे कुणीतरी सहज सांगून जातं.

मी आता तक्त्यात महिन्याचा वेगळा रकाना केलाय. सगळ्या नोंदी परत तपासतेय. काका दर रविवारी विचारतात, “कुठवर आलं?”