नुसती रग असून भागत नाही: कबड्डीतला डिफेंडर अंगावर कधी जातो आणि कधी थांबतो?

भोर आणि वेल्हे म्हणजे पुणे जिल्ह्याचा डोंगरी पट्टा. राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिडा हे किल्ले याच भागातले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. भातशेतीच्या या मुलखात चढ-उतार रोजचे. त्यामुळे पोरांच्या पायात ताकद असते आणि अंगात रग असते.

अशा पोराला कबड्डीच्या संघात घेतलं की बहुतेक वेळा कोपऱ्यात उभं करतात. सांगणं एकच असतं, "आला की सोडायचा नाही."

गावच्या जत्रेतल्या किंवा शिवजयंतीच्या स्पर्धेत हे चालून जातं. जोरात डॅश बसला की टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात, व्हिडीओ स्टेटसला जातो. पण पुढे जिल्हा निवड चाचणी, राज्य स्पर्धा, मग प्रो कबड्डी अशी पायरी चढायची म्हटली की तीच सवय अंगाशी येते. तिथे निवड करणारे बघतात, की हा पोरगा भिडतो ते ठीक आहे, पण याला खेळ येतो का?

आधी डिफेंडरचं काम समजून घेऊ

मैदानात एका संघाचे ७ खेळाडू असतात. दोन कोपरे, दोन कव्हर, दोन इन आणि एक मध्य. समोरचा चढाईपटू ३० सेकंदांसाठी येतो. त्याला गुण न देता परत पाठवणं किंवा पकडून बाद करणं हे बचावाचं काम.

पकडीचे मुख्य प्रकार असे:

• अँकल होल्ड : घोटा धरणं. कोपऱ्यातल्या खेळाडूचं हे मुख्य हत्यार.
• थाय होल्ड : मांडीला मिठी मारून चढाईपटूला जागीच थांबवणं.
• डॅश : अंगाचा जोर लावून चढाईपटूचा तोल घालवणं आणि त्याला मैदानाबाहेर ढकलणं. हे शक्यतो कव्हरचं काम.
• ब्लॉक : चढाईपटू मध्यरेषेकडे पळत असताना आडवं येऊन त्याची वाट बंद करणं.
• साखळी : दोन-तीन खेळाडूंनी हातात हात धरून चढाईपटूला घेरणं.

यातला सगळ्यात धाडसी प्रकार म्हणजे ‘अॅडव्हान्स टॅकल’. चढाईपटूने काही करायच्या आधीच डिफेंडर स्वतः पुढे झेपावतो. जमलं तर मैदान डोक्यावर घेतलं जातं. चुकलं तर काय होतं, ते पुढे बघू.

चुकलेल्या पकडीची किंमत किती?

कबड्डीत चुकलेल्या पकडीचा हिशोब तिथल्या तिथे होतो.

समजा दोन्ही संघ २०-२० वर आहेत आणि बचावात सातही खेळाडू उभे आहेत. कोपऱ्यातला खेळाडू एकटाच पुढे झेपावला आणि चढाईपटू निसटला. समोरच्यांना १ गुण मिळाला. आपला खेळाडू बाहेर बसला. वर त्यांचा बाद झालेला एक खेळाडू पुन्हा मैदानात आला. म्हणजे एका चुकीत फरक तीन ठिकाणी पडला.

आता समजा त्याच्या मागे आणखी दोघे धावले, तिघांचा हात लागला आणि तरीही चढाईपटू मध्यरेषेला टेकला. मग तिघेही बाद. समोरच्यांना ३ गुण. यालाच ‘सुपर रेड’ म्हणतात. मैदानात उरले चार. तेही बाद झाले की ‘लोण’, म्हणजे आणखी २ गुण.

म्हणून चांगला प्रशिक्षक डिफेंडरच्या नुसत्या पकडी मोजत नाही. किती वेळा प्रयत्न केला आणि त्यातले किती जमले, हे तो मोजतो. १० प्रयत्नांत ६ पकडी जमल्या तर आकडा छान दिसतो. पण उरलेल्या ४ प्रयत्नांत समोरच्यांना किमान ४ गुण दिलेत, हेही त्याच वहीत लिहिलेलं असतं.

मग थांबायचं कधी?

हे नियमांमध्येच दडलेलं आहे. परिस्थिती बदलली की डिफेंडरचं कामही बदलतं.

मैदानात ६ किंवा ७ खेळाडू असताना बोनस रेषा चालू असते. चढाईपटू कोणालाही न शिवता बोनस घेऊन जाऊ शकतो. अशा वेळी कोपऱ्याचं लक्ष त्याच्या पायावर हवं.

खेळाडू ५ किंवा त्याहून कमी झाले की बोनस बंद होतो. चढाईपटूला आता शिवावंच लागतं. घाई त्याची असते, आपली नसते.

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ असते. त्यात गुण मिळाला नाही तर चढाईपटू आपोआप बाद. इथे तर बचावाने शांत उभं राहणंच फायद्याचं. ३० सेकंद संपायला आले की तोच अंगावर येतो. नेमक्या याच वेळी अनेक तरुण डिफेंडर उतावळे होतात आणि त्याला आयता गुण देतात.

मैदानात ३ किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड केली तर ‘सुपर टॅकल’चे २ गुण मिळतात. इथे धोका पत्करायला अर्थ आहे.

थोडक्यात, एकच झेप एका वेळी शहाणपणाची असते आणि दोन मिनिटांनी तीच चूक ठरते.

रग आणि राग यातला फरक

जोरात खेळणं हा गुन्हा नाही. कबड्डी अंगाला अंग भिडवूनच खेळली जाते. पण चढाईपटूचं तोंड दाबून त्याचा ‘कबड्डी’चा उच्चार थांबवणं, केस किंवा कपडे ओढणं, पायाची कात्री घालून धरणं आणि इजा होईल असं खेळणं नियमात बसत नाही. पंचांशी हुज्जत, शिवीगाळ, पकड झाल्यावरची ढकलाढकली यालाही माफी नाही.

त्यासाठी तीन कार्डं असतात. हिरवं म्हणजे ताकीद. पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर.

दोन मिनिटं ऐकायला कमी वाटतात. पण एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. म्हणजे दोन मिनिटांत दोन्ही बाजूंच्या मिळून किमान चार चढाया होतात आणि तेवढा वेळ संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. तो माणूस कोपऱ्यातला असेल तर समोरच्याला मोकळं रानच मिळतं.

पुण्याने बघितलेलं उदाहरण: शादलोई

आक्रमक डिफेंडर पूर्ण खेळाडू कसा होतो, हे बघायचं तर पुण्याच्याच संघातून खेळून गेलेल्या एका इराणी खेळाडूकडे बघावं लागेल. मोहम्मदरेझा शादलोई.

डाव्या कोपऱ्यात खेळणारा हा गडी प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून आला. पहिल्याच वर्षी ८९ पकडी-गुण घेऊन तो हंगामातला सर्वोत्तम डिफेंडर ठरला. पुढच्या हंगामात त्याने दबंग दिल्लीविरुद्ध एकाच सामन्यात १६ पकडी-गुण घेतले. डिफेंडरला एका सामन्यात ५ गुण मिळाले तरी ‘हाय फाइव्ह’ म्हणून कौतुक होतं. इथे त्याच्या तिपटीहून जास्त.

त्याची ओळखच होती ती पुढे झेपावून पकड करण्याची आणि पकड झाली की मांडी ठोकून समोरच्याला डिवचण्याची. त्यामुळे तो जितका आवडायचा, तितकाच खटकायचाही.

ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. त्या क्षणी प्रो कबड्डीतली ती सर्वात मोठी बोली होती. पवन सेहरावतने त्याच लिलावात ती मागे टाकली.

पुण्यात आल्यावर शादलोईभोवतीचा बचाव भक्कम होता. उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, कव्हरला अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. प्रशिक्षक बी. सी. रमेश. दुसऱ्या कोपऱ्यातून आणि कव्हरमधून तेवढीच साथ मिळत असली की कोपऱ्याला प्रत्येक चढाईत एकट्याने शौर्य दाखवायची गरज उरत नाही. तो वाट बघू शकतो.

निकाल समोर आहे. दहाव्या हंगामात पलटणने साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले आणि फक्त २ हरले. शादलोईने ९९ पकडी-गुण घेतले आणि पुन्हा सर्वोत्तम डिफेंडर ठरला. एका हंगामातला विक्रम नितेश कुमारचा, सहाव्या हंगामात १०० गुणांचा. शादलोई त्याच्यापासून एकाच गुणाने मागे राहिला.

१ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या अंतिम सामन्यात पंकज मोहितेची चार गुणांची सुपर रेड निर्णायक ठरली. एका चढाईत चार गुण. आणि अंतिम फेरीतला फरक होता तीन गुणांचा. चढाईपटू निसटला की बचावाला काय मोजावं लागतं, ते या एका चढाईत दिसतं.

पुढच्या हंगामात शादलोई हरियाणाकडे गेला आणि तिथे तो फक्त डिफेंडर राहिला नाही. चढाईलाही नियमित जाऊ लागला, गुण आणू लागला. हरियाणाने २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यातल्या बालेवाडीत पाटणा पायरेट्सला हरवून विजेतेपद घेतलं आणि शादलोई हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. आक्रमकता त्याने सोडली नाही. तिच्या जोडीला बाकीचा खेळ उभा केला.

उलट्या बाजूने आलेला अस्लम

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडूनही दिसते. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. मूळचा चढाईपटू. पण तो बचावातही उभा राहतो आणि पकडी करतो. दहाव्या हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू तोच होता.

दोन लागोपाठच्या हंगामांत हा मान दोन अष्टपैलूंना मिळाला. एक चढाईकडून बचावाकडे आलेला, दुसरा बचावाकडून चढाईकडे गेलेला. आजच्या कबड्डीला काय हवंय, ते यातून कळतं.

हा प्रश्न फक्त कबड्डीचा नाही

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये तर मारामारीसाठी नियमच लिहिलेला आहे. दोन खेळाडू हातमोजे टाकून भिडले की त्यांना ५ मिनिटं बाहेर बसवतात, पण सामन्यातून काढत नाहीत. पूर्वी प्रत्येक संघात ‘एन्फोर्सर’ म्हणजे भांडायलाच ठेवलेला गडी असायचा. पुढे नियम कडक झाले, खेळ वेगवान झाला आणि फक्त भांडता येणाऱ्याला जागा उरली नाही.

मॉन्ट्रियल कनेडियन्सचा तरुण डिफेन्समन आर्बर जेकाय याच पेचातून गेला. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नव्हतं. २०२२-२३ च्या पहिल्या हंगामात ५१ सामन्यांत त्याला १०१ मिनिटांच्या शिक्षा झाल्या आणि चाहत्यांनी नाव ठेवलं ‘शेरीफ’. पण पुढच्याच हंगामात संघाने त्याला खालच्या लीगमधल्या लव्हाल संघात पाठवलं. कारण खेळ पक्का करायचा होता. बर्फावर असो की मॅटवर, तरुण डिफेंडरला सांगणं तेच: तू भिडतोस म्हणून दार उघडलं, पण आत टिकायला बाकीचं लागेल.

भोर-वेल्ह्याच्या पोराने यातून काय घ्यायचं?

• माती आणि मॅट वेगळी आहे. मॅटवर पकड बसते, पण चढाईपटूची गतीही वाढते. नुसत्या जोरावरची झेप तिथे उशिरा पोचते.
• हाताआधी पाय. कोपऱ्याचं अर्धं काम जागा धरण्याचं असतं. चढाईपटूच्या चालीबरोबर मागेपुढे सरकता आलं की घोटा आपोआप हाताशी येतो.
• शेजाऱ्याशी बोलणं. कोपऱ्याने पाय धरला आणि कव्हर वेळेत आला नाही, तर पकड निम्मीच होते. जोडीचा सराव एकट्याच्या सरावाइतकाच गरजेचा.
• स्वतःच्या चुका मोजणं. मोबाइलवर सामना शूट करून फसलेल्या पकडी बघायच्या. व्हायरल झालेली पकड शंभरदा बघून शिकायला काही मिळत नाही.
• एक दुसरं कौशल्य. डिफेंडरला आणीबाणीत चढाई मारता आली, निदान बोनस आणता आला, तर बारा जणांच्या यादीत त्याचं नाव वर जातं.
• वजन. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोची मर्यादा आहे. ताकद वाढवताना काटा विसरायचा नाही.

यात नुसता खेळ पणाला नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे आणि बँकांच्या संघांनी तर कबड्डीतल्या कित्येक घरांना आधार दिलाय. डोंगरातल्या पोरासाठी ही वाट मैदानातूनच जाते आणि त्या वाटेवर गुडघा किंवा खांदा गेला की वर्षं वाया जातात. चुकीच्या वेळी, चुकीच्या कोनातून मारलेली झेप समोरच्याइतकीच स्वतःलाही इजा करते.

महाराष्ट्रात १५ जुलै हा शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस ‘कबड्डी दिन’ म्हणून साजरा होतो. हुतूतू म्हणून मातीत खेळला जाणारा हा खेळ आज मॅटवर आणि कोटींच्या लिलावात पोचलाय. रग मातीतूनच मिळते आणि ती लागतेच. पण निवड समितीच्या वहीत नाव त्याचंच राहतं, ज्याला ३० सेकंदांपैकी २५ सेकंद स्वतःला आवरता येतं आणि उरलेल्या पाचांत घोटा सुटत नाही.