रोग होण्यापूर्वीचे वैद्यक: पदवी स्तरावर आरोग्यसंवर्धन व रोगप्रतिबंधाचा अभ्यास

बारावीनंतर आरोग्यक्षेत्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा रुग्णालय, रुग्ण आणि उपचार एवढेच चित्र असते. रोग होऊ नये, झालाच तर तो लवकर ओळखला जावा आणि निरोगी माणसाचे आरोग्य टिकावे, यासाठीही एक स्वतंत्र विद्याशाखा आहे, हे कोविड-१९च्या साथीत अनेकांना प्रथमच जाणवले. ही शाखा पदवी स्तरावर शिकता येते. अडचण एवढीच की भारतात ती एका पदवीत एकवटलेली नाही. वैद्यकीय, परिचर्या, आयुर्वेद, पोषणशास्त्र अशा निरनिराळ्या अभ्यासक्रमांत तिचे तुकडे विखुरलेले आहेत आणि ‘सार्वजनिक आरोग्य’ या नावाची स्वतंत्र पदवी अजून बाल्यावस्थेत आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी कोणत्या वाटेने काय हाती लागते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

प्रथम संज्ञांविषयी. आरोग्यसंवर्धन आणि रोगप्रतिबंध हे शब्द जोडीने वापरले जात असले तरी ते समानार्थी नाहीत. रोगप्रतिबंधाचा रोख विशिष्ट रोगावर असतो. आरोग्यसंवर्धनाचा रोख माणूस ज्या परिस्थितीत जगतो त्या परिस्थितीवर असतो. १९८६ साली कॅनडातील ओटावा येथे संमत झालेल्या सनदेने आरोग्यसंवर्धनाची पाच कार्यक्षेत्रे सांगितली: आरोग्यपोषक सार्वजनिक धोरण, अनुकूल पर्यावरण, समाजाची कृतिशीलता, वैयक्तिक कौशल्ये आणि आरोग्यसेवांची पुनर्रचना. या यादीत डॉक्टरचा क्रमांक शेवटून लागतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तंबाखूचे उदाहरण घेतले तर हा भेद स्पष्ट होतो. प्रौढांमधील तंबाखू सेवनाच्या २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होत्या. त्यांत धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के होते. काही जण दोन्ही करणारे. मुलांच्या हाती तंबाखू पोहोचूच नये म्हणून शाळेच्या परिसरात विक्रीला बंदी घालणे हा मूलगामी प्रतिबंध झाला. तंबाखू खाणाऱ्यास ती सोडण्यास साहाय्य करणे हा प्राथमिक, तोंडातील पांढरा चट्टा कर्करोगात परिवर्तित होण्याआधी हेरणे हा द्वितीयक आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा बोलते-खाते करणे हा तृतीयक प्रतिबंध. पहिल्या पायरीवर कायदा लागतो, शेवटच्या पायरीवर शल्यचिकित्सक. पदवीच्या विद्यार्थ्याला या चारही पायऱ्यांची तोंडओळख व्हावी, असे अभ्यासक्रमांना अपेक्षित असते.

मुंबईतील प्लेग ते भोर समिती

या विद्येची भारतातील मुळे साथींमध्ये आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांना तेथे पाचारण करण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, लस घेण्यास तयार झालेले बंदी आणि लस न घेतलेले बंदी अशा दोन गटांत रोगाचे प्रमाण किती, याची तुलना करण्यात आली. एकाच परिस्थितीत राहणाऱ्या दोन गटांची तुलना हा साथरोगशास्त्राचा कणा आहे. बंदिवानांवर केलेल्या अशा चाचणीस आज नीतिसमितीने कोणते आक्षेप घेतले असते, हा प्रश्नही वर्गात चर्चेस घेण्याजोगा आहे.

कोलकात्यात १९३२ साली अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली. परंतु ती प्रामुख्याने पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी होती. पदवी स्तराचा विचार मुळापासून केला तो सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने. १९४६च्या अहवालात या समितीने उपचार आणि प्रतिबंध यांची सांगड प्रत्येक प्रशासकीय स्तरावर घालावी, असे सुचवले आणि भावी डॉक्टर हा ‘सामाजिक वैद्य’ व्हावा म्हणून त्याला रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस केली. पुढे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आला. १९७५च्या श्रीवास्तव समितीच्या अहवालानंतर १९७७ साली वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्अभिमुखतेची योजना आली आणि महाविद्यालयांना प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडून देण्यात आली. डॉक्टर गावाकडे वळावा हा तिचा हेतू होता. तो कितपत सफल झाला, याचे उत्तर ग्रामीण भागातील रिक्त पदे देतात.

एमबीबीएसमधील उपेक्षित विषय

एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत ‘सामुदायिक वैद्यकशास्त्र’ हा विषय प्रारंभापासून तिसऱ्या व्यावसायिक परीक्षेपर्यंत सोबत असतो. त्यानंतरच्या वर्षभराच्या सक्तीच्या आंतरवासितेत या विभागासाठी बारा आठवडे राखून ठेवलेले आहेत. इतका कालावधी अन्य कोणत्याही विभागास नाही. विद्यार्थी मात्र त्याच्याकडे बहुधा पाठांतराचा विषय म्हणून पाहतात. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या दडपणाखाली आंतरवासितेचे ग्रामीण आठवडे वाचनाची सुटी समजून घालवले जातात, ही तक्रार अध्यापकवर्गात जुनीच आहे. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे. राष्ट्रीय कार्यक्रमांच्या तारखा आणि मच्छरांच्या जातींची लक्षणे एवढेच विचारणारी परीक्षा असेल, तर त्यातून सामाजिक वैद्य घडणे कठीण.

याला सन्मान्य अपवाद आहेत. वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. येथील विद्यार्थी प्रथम वर्षाच्या आरंभी आश्रमात राहतात आणि नंतर एका दत्तक गावात सुमारे दोन आठवडे मुक्काम करतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि पुढील वर्षांत तो त्यांना नियमित भेटत राहतो. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही प्रथम वर्षाचे विद्यार्थी गावात राहून पाहणी करतात. कनियंबाडी तालुक्यातील त्या संस्थेचे सामुदायिक कार्य अनेक दशकांचे आहे. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण प्रशिक्षण केंद्र मांडूर येथे आहे.

सेवाग्रामच्या धर्तीची कल्पना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ या रूपाने सर्व महाविद्यालयांना लागू केली. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून ठरावीक कुटुंबांशी संबंध ठेवावा, त्यांचा रक्तदाब, रक्तक्षय, लसीकरण, पाणी, शौचालय, आहार यांची नोंद ठेवावी आणि गरज पडल्यास त्यांना आरोग्यसेवेपर्यंत पोहोचवावे, असे तिचे स्वरूप आहे. कार्यक्रमाचे यश एका साध्या गोष्टीवर ठरेल: नोंदवहीत ‘रक्तक्षय आढळला’ असे लिहिल्यानंतर त्या स्त्रीला लोहाच्या गोळ्या मिळाल्या की नाहीत आणि पुढच्या भेटीत हिमोग्लोबिन पुन्हा मोजले की नाही. तसे न झाल्यास कुटुंबाच्या दृष्टीने ती केवळ आणखी एक पाहणी होय.

डॉक्टर न होता

एमबीबीएस न करताही या क्षेत्रात येण्याचे मार्ग आहेत. त्यांत सर्वांत भक्कम मार्ग परिचर्येचा. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगमध्ये ‘सामुदायिक आरोग्य परिचर्या’ हा प्रमुख विषय असतो. २०१८पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, होऊ लागले आणि तेथे ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ हे पद निर्माण झाले. परिचर्या तसेच आयुर्वेद पदवीधरांसाठी सामुदायिक आरोग्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणातून या पदाचे दार उघडले. आता ते प्रशिक्षण बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच अंतर्भूत करण्यात आले आहे. गावातील मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आज प्रत्यक्षात हाच अधिकारी, आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्ती करतात. बीएएमएसमध्ये ‘स्वस्थवृत्त’ हा स्वतंत्र विषय आहे. पोषणशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे पदवीधरही या क्षेत्रात स्थान मिळवतात. शेवटच्या गटाची गरज सर्वाधिक असूनही तो इकडे क्वचितच वळतो.

नगरपालिकांतील स्वच्छता निरीक्षकाचा मार्ग याहून जुना. १९२६ साली स्थापन झालेली मुंबईतील अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था या पदासाठीची पदविका चालवत आली आहे. पदविका म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. पाणी, सांडपाणी, अन्नभेसळ आणि डासांचे उगम यांच्याशी दररोज गाठ पडणारे हेच पद आहे.

‘बॅचलर ऑफ पब्लिक हेल्थ’ किंवा बीएस्सी सार्वजनिक आरोग्य ही स्वतंत्र पदवी काही विद्यापीठांनी सुरू केली आहे. प्रवेशापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. विद्यापीठास मान्यता आहे काय. जैवसंख्याशास्त्र व साथरोगशास्त्र शिकवणारे पूर्णवेळ अध्यापक आहेत काय. आणि क्षेत्रकार्य म्हणजे प्रत्यक्ष आरोग्य केंद्रातील काही आठवडे की एक दिवसाची सहल. संबद्ध आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या २०२१च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात सामुदायिक सेवा व वर्तनविषयक आरोग्यविज्ञान हा एक प्रवर्ग आहे. तथापि डॉक्टर वा परिचारिका यांच्या परिषदेसारखी, सार्वजनिक आरोग्याच्या पदवीधरांसाठी दीर्घकाळ स्थिरावलेली नोंदणीव्यवस्था देशात नाही, याची जाणीव पालकांनी ठेवावी.

प्रत्यक्षात काय शिकावे लागते

अभ्यासक्रम कोणताही असो, त्याचा गाभा साथरोगशास्त्र हाच. त्यातील बारकावे सामान्य समजुतीला धक्का देतात. समजा, एखाद्या रोगासाठी ९५ टक्के संवेदनशील आणि ९५ टक्के विशिष्ट अशी उत्तम चाचणी उपलब्ध आहे आणि १०,००० लोकवस्तीत तो रोग १ टक्का लोकांना आहे. रोगी १०० पैकी ९५ सापडतील. परंतु निरोगी ९,९०० पैकी ४९५ जणांनाही चाचणी चुकीने रोगी ठरवेल. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या ५९० व्यक्तींपैकी खरे रोगी सुमारे १६ टक्केच. उरलेल्या सर्वांना चिंता, पुढील तपासण्या आणि खर्च. गल्लोगल्ली भरणाऱ्या तपासणी शिबिरांकडे पाहण्याची दृष्टी एवढ्या गणिताने बदलते.

नवा प्रादुर्भाव आणि एकूण व्याप्ती यांतील भेदही असाच. एचआयव्हीवरील औषधांमुळे रुग्ण दीर्घकाळ जगू लागले की नवीन लागण घटत असतानाही एकूण रुग्णसंख्या वाढू शकते. ती वाढ यशाची असते. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ साली आणखी एक पेच मांडला: अतिधोक्यातील मोजक्या व्यक्तींपेक्षा अल्पधोक्यातील असंख्य व्यक्तींतून अधिक रुग्ण निर्माण होतात. म्हणून साऱ्या समाजाच्या आहारातील मीठ थोडे कमी होणे हे काही निवडक रुग्णांच्या उपचाराहून अधिक मृत्यू टाळू शकते. मात्र त्यात कोणा एकाला ‘माझा जीव वाचला’ असे वाटत नाही. प्रतिबंधाच्या कामाला निधी आणि मान कमी का मिळतो, याचे एक कारण येथे आहे.

वर्गाबाहेरचे पाठ महाराष्ट्राने देशाला दिले आहेत. जामखेड येथे १९७०पासून रजनीकांत व मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली आणि नियंत्रण गटाशी तुलना करून, नवजात मृत्यूदर निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध केले. २०११पासून ती पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवली जाते. तीत नवे औषध वा यंत्र नव्हते. मोजणी काटेकोर होती.

नोकरीचा प्रश्न

तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय आहे आणि १९३९पासूनचा कायदाही. बहुतेक राज्यांत तशी रचना नाही. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्गाची शिफारस केली आणि २०२२ साली केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. आरोग्य हा राज्याच्या अखत्यारीतील विषय असल्याने अंमलबजावणी प्रत्येक राज्यावर अवलंबून आहे.

केवळ पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्या बहुतांशी राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदे, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन प्रकल्प यांत असतात. त्यामुळे पुढे एमपीएच करणे बहुतेकांना क्रमप्राप्त ठरते. हा अभ्यासक्रम देशात प्रथम १९९७ साली तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात सुरू झाला. आज मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि कित्येक संस्थांत वैद्यकेतर पदवीधरांनाही प्रवेश आहे. अर्ज करण्यापूर्वी आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाच्या अलीकडील दोन-तीन वर्षांतील भरतीच्या जाहिराती काढून पाहाव्यात. ‘एमपीएच’पुढे ‘एमबीबीएस आवश्यक’ असे लिहिलेले आहे की नाही, हे त्यांतच कळते.